राजकोटचा पुतळा पाहायला वर्ध्याहून मालवणला

आमच्या गावात चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवायला वर्गणी सुरू आहे. पैसा खर्च करण्याआधी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा पाहून यायचं, असं मंडळात ठरलं. सोयाबीन निघाल्यावर निघालो.

तिथं ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. आधी वाऱ्याचं नाव पुढं आलं. चौकशी समितीनं मात्र गंज आणि सदोष वेल्डिंग दाखवलं. कला संचालनालयानं मान्यता दिली होती ती ६ फुटी मातीच्या नमुन्याला, हेही नंतर बाहेर आलं. हे वाचून जीव जळला होता.

आता तिथं राम सुतार आणि अनिल सुतार यांनी घडवलेला ६० फुटी, तलवारधारी ब्राँझचा पुतळा आहे. ११ मे २०२५ ला त्याचं पूजन झालं. समोर उभं राहिल्यावर मान आपोआप वर जाते. पण फोटो काढून लगेच वळू नका. चौथऱ्याभोवती फिरा, समुद्राकडून येणारा खारा वारा अंगावर घ्या. आमच्यातले एक म्हातारे कास्तकार म्हणाले, "पायलं का, इथली हवाच लोखंड खाते." ते खरंच आहे, आणि आधी हाच विचार व्हायला हवा होता.

नागपूर-मडगाव विशेष गाडी वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून जाते. ती रोज नसते आणि बदलतही असते, म्हणून चौकशी करूनच तिकीट काढा. कुडाळला उतरा, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर, एसटी मिळते. थंडीतच जा. ऊन आपल्यापेक्षा कमी, पण दमटपणानं जीव घाबरा होतो. माळकऱ्यांनी जेवण आधीच सांगून ठेवावं. घावणे आणि सोलकढी छान मिळते.

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात. १६६४ साली महाराजांनी काम सुरू केलेला हा किल्ला लाटांमध्ये उभा आहे, पायात शिसं ओतलेला. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे.

गावी परतल्यावर मंडळानं शिल्पकाराला उंचीआधी आतल्या सांगाड्याचा नकाशा मागितला. तुमच्याकडंही पुतळा होणार असेल तर मातीचा नमुना कला संचालनालयाकडून आणि चौथरा अभियंत्याकडून तपासून घ्या. नमुन्याच्या अर्जात खरी उंची लिहा.