फ्रीज आपल्या जागेत, तर अटही आपलीच

महापालिकेचा जलतरण तलाव, सरकारी रुग्णालय, नाट्यगृह, पंचायत समितीचं कँटीन. जागा लोकांची, वीजबिल लोकांच्या पैशातून, आणि दारातच कंपनीने दिलेला काचेचा फ्रीज गोड बाटल्यांनी खच्चून भरलेला. हे बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: बंदी घालायचा अधिकार कुणाला? माझं म्हणणं असं की बंदीच्या वाटेला जाऊच नये. जागेचा मालक भाडेकरूला अटी घालू शकतो, आणि तेवढा अधिकार पुरतो.

अमेरिकेतल्या दोन शहरांनी हा फरक नीट दाखवून दिला आहे. न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाने २०१२ मध्ये उपाहारगृहं आणि थिएटरांत १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण ४७० मिलीपेक्षा, मोठ्या गोड पेयांच्या विक्रीला मनाई केली. मार्च २०१३ मध्ये, अंमल सुरू व्हायच्या आदल्याच दिवशी, कोर्टाने ती रोखली. जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मंडळाने अधिकाराची मर्यादा ओलांडली असं सांगून ती कायमची मोडीत काढली. बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी एप्रिल २०११ मध्ये आदेश काढला तो फक्त शहराच्या मालकीच्या जागांपुरता: कँटीन, व्हेंडिंग मशीन, स्टॉल आणि शहराचे कार्यक्रम. पेयांचे लाल, पिवळा, हिरवा असे गट पाडले आणि लाल गट हटवायला सहा महिने दिले. साखरेचा सोडा, गोड आइस टी, एनर्जी ड्रिंक, स्पोर्ट्स ड्रिंक हे लाल. डाएट पेयं आणि निव्वळ फळांचा रस पिवळे. पाणी आणि कमी स्निग्धांशाचं दूध हिरवे.

याने फरक पडतो का? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१५ मध्ये आपल्या परिसरात गोड पेयांची विक्री थांबवली. रोज किमान ३५५ मिली गोड पेय पिणाऱ्या २१४ कर्मचाऱ्यांचं रोजचं पिणं दहा महिन्यांनी सरासरी एक लिटरवरून अर्ध्या लिटरवर आलं, आणि कमरेचा घेर सुमारे २ सेंटिमीटरने घटला. घरून बाटली आणायला कुणाला मनाई नव्हती. हाताशी नसलं की पिणं कमी होतं, एवढंच.

आपल्याकडे शाळांसाठी नियम आहे. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त साखर, मीठ किंवा स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पण किती ग्रॅम म्हणजे जास्त, याचा आकडा त्यात नाही. म्हणून कँटीनच्या कंत्राटदाराशी होणाऱ्या करारात आकडा आपणच घालायचा. सगळं काम इथेच जमतं किंवा फसतं.

'शीतपेये विकू नयेत' असं लिहिलं की कंत्राटदार गॅसवाल्या बाटल्या काढतो आणि त्याच कप्प्यात आंब्याचे टेट्रापॅक लावतो. कोलात १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, आंब्याच्या पेयांत बरेचदा १२ ते १५. त्यात सप्टेंबर २०२५ पासून गॅसवाल्या गोड पेयांवर जीएसटी ४० टक्के आहे, तर गॅस नसलेल्या, फळांच्या गराच्या पेयांवर १२ चा ५ टक्के झाला. म्हणजे दुकानदाराचा कल तिकडे झुकणारच. अट गॅसवर बेतू नये, साखरेवर बेतावी.

अटींच्या मसुद्यात मी तीन ओळी वेगवेगळ्या ठेवीन. एक: पॅकबंद पेयात १०० मिलीला ५ ग्रॅमपेक्षा जास्त ॲडेड शुगर, म्हणजे वरून घातलेली साखर, नको. दोन: फळांच्या रसासाठी एकूण साखर बघायची, कारण निव्वळ रसाच्या डब्यावर ॲडेड शुगर शून्य लिहिलेली असते आणि तरी त्यात १०० मिलीला ८-१० ग्रॅम साखर सहज असते. तीन: दूध, ताक, लस्सीसाठी मात्र ॲडेड शुगरच बघायची. साध्या दुधात मुळातच १०० मिलीला पाचेक ग्रॅम दुग्धशर्करा असते. एकूण साखरेची अट लावली तर बिनसाखरेचं दूधसुद्धा बाद होतं, आणि मग सगळी अटच हास्यास्पद ठरवायला लोक मोकळे.

पाच ग्रॅमच का? ब्रिटनमध्ये गोड पेयांवर २०१८ पासून लागू असलेला कर १०० मिलीला ५ ग्रॅमपासून सुरू होतो आणि ८ ग्रॅमपासून वाढतो. तो येण्याआधीच बऱ्याच कंपन्यांनी साखर पाचाच्या खाली आणली होती. काही ठिकाणी साखरेच्या जागी कृत्रिम गोडी आली. लहान मुलांच्या जागांत, म्हणजे तलाव, उद्यानं आणि क्रीडासंकुलांत, तीही नको अशी वेगळी ओळ घालावी.

लेबल वाचताना 'प्रति सर्व्हिंग'चा आकडा सोडून द्या. ६०० मिलीच्या बाटलीवर सर्व्हिंग २०० मिलीचं असू शकतं. १०० मिलीचा आकडा घ्या आणि बाटलीच्या मापाने गुणा. १०.६ ग्रॅम असेल तर ६०० मिलीत साधारण साडेत्रेसष्ट ग्रॅम. लेबलावरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम ॲडेड शुगर धरून काढलेली असते. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो २५ च्या आसपासच थांबा म्हणते. त्या हिशेबाने एकाच बाटलीत अडीच दिवसांची साखर जाते.

सुट्या पेयांना ही १०० मिलीची पट्टी लावू नका. ८० मिलीच्या कटिंगमध्ये एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम साखर घातली तरी ती पट्टी ओलांडते, आणि चहा बंद म्हटल्यावर नियमाच्या बाजूने एकही माणूस उभा राहणार नाही. तिथे मापच ठरवावं: चहा बिनसाखरेचा उकळायचा, साखर वेगळी द्यायची, कोकम किंवा लिंबू सरबताच्या २०० मिली ग्लासात फार तर १० ग्रॅम. मशीनच्या चहात साखर प्रीमिक्समध्ये, म्हणजे तयार पुडीत, आधीच मिसळलेली असते, म्हणून बिनसाखरेचा प्रीमिक्स असं करारात स्पष्ट लिहावं लागतं. उसाच्या रसाचा विषय निघतोच. आपल्या भागात तो जिव्हाळ्याचा आहे, पण मोजमापात ती साखरच, आणि कोलापेक्षा कमी नाही.

आता फ्रीज. तो कंपनीचा असतो आणि त्यात कंपनीचाच माल ठेवायचा असा करार कंत्राटदाराने केलेला असतो. गोड बाटल्या गेल्या की कंपनी फ्रीज उचलून नेते. मग ताकाची पाकिटं बर्फाच्या टबात येतात, दुपारपर्यंत आंबतात, परत जातात, आणि महिन्याभरात ऐकू येतं की 'ताकाला मागणी नाही'. मागणी असते, थंडावा नसतो. बिनजाहिरातीचा, ४-५ अंशांवर चालणारा फ्रीज कुणी आणायचा हे निविदेतच ठरवा. संस्थेने घेतला तर उत्तम. कँटीनचे फलकही कंपनीकडून फुकट घेऊ नका.

पाण्याचा हिशेब आधी करा. दुपारच्या पाळीत ५०० माणसं आणि प्रत्येकी अर्धा लिटर धरलं तर २५० लिटर थंड पाणी लागतं; १५० लिटरचा एकच कूलर असेल तर दोन वाजता कोमट पाणी येतं आणि माणसं फाटकाबाहेरच्या टपरीवर जातात. टाकी धुतल्याची तारीख कूलरवर लिहिलेली असावी, नाहीतर फुकट पाण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

रुग्णालयात दोन गोष्टी जास्तीच्या. इन्शुलिन घेणाऱ्याची साखर एकदम उतरली तर १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब लागतं. ते प्रत्येक वॉर्डात आणि कँटीनच्या प्रथमोपचार पेटीत असलंच पाहिजे, त्याला ही अट लागू नाही असं लिहून टाका. आणि आवारातलं औषधाचं दुकान विसरू नका. जुलाबावर द्यायच्या खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्या नावाने कैक पट गोड टेट्रापॅक विकले जायचे. एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये असं नाव वापरायला मनाई केली. नाव बदलून तेच खोके त्याच फळीवर राहिले तर जुलाब झालेल्या लेकरासाठी आई तेच उचलते, म्हणून दुकानालाही तीच अट हवी.

तपासणीला अचानक जावं आणि फ्रीजपेक्षा वितरकाची बिलं बघावीत. गोड मालाचा क्रेट मागच्या खोलीत लपवता येतो, बिल लपवणं अवघड. कचऱ्याच्या पिंपातल्या रिकाम्या बाटल्याही खूप सांगतात. दंड पायरीपायरीने असावा: लेखी समज, मग रक्कम, मग करार रद्द. पहिल्याच वेळी करार रद्द करण्याची अट कुणीच अमलात आणत नाही.

चालू करार मध्येच मोडू नका, कोर्टात हराल. आधी तो कधी संपतो ते काढा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कराराची प्रत मागता येते, उत्तराची मुदत ३० दिवसांची. गोड पेयांचा नफा गेल्यावर भाड्याची बोली कमी येऊ शकते, तेव्हा ती तूट लेखा विभागाला आधीच दाखवून ठेवा. अटींचा मसुदा निविदा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी संबंधित विभागाच्या टेबलावर पोचायला हवा. निविदा प्रसिद्ध झाल्यावर अट घालायची तर शुद्धिपत्रक काढावं लागतं, आणि तेवढ्यासाठी कुणी फाईल परत फिरवत नाही.