लिंप केल्यावर मागून रेझ आला की

होल्डेम पोकरमध्ये, म्हणजे हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते असतात त्या खेळात, मला सगळ्यात जास्त थांबवणारी जागा रिव्हरवरची, म्हणजे शेवटच्या पत्त्यावरची, मोठी बेट नाही. ती फ्लॉपच्याही, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांच्याही, आधी येते. पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने टाकाव्या लागतात त्या रकमा म्हणजे ब्लाइंड; आपण त्यातल्या मोठ्या, बिग ब्लाइंडएवढेच पैसे टाकून लिंप केलेलं असतं आणि मागून कुणीतरी रेझ करून रक्कम पाच-सहा पट वाढवतं. पत्ते फेकून द्यावेत इतके वाईट नसतात. बिनधास्त पुढे जावं इतके चांगलेही नसतात, म्हणूनच तर आपण रेझ न करता लिंप केलेलं असतं.

पणजीला मांडवीवरच्या कसिनोत मी अधूनमधून १००-२०० ब्लाइंडच्या टेबलावर बसते. शनिवार-रविवारी तिथे पुण्या-मुंबईहून, बेळगावहून आलेली माणसं असतात आणि त्यातली बरीचशी तीन पत्तीत तयार झालेली. बूट टाकला की पुढची चालही करायची, ही सवय हातात मुरलेली असते. त्यामुळे तिथे लिंप खूप होतात आणि रेझ आल्यावर ‘आता टाकलेच आहेत २००, तर बघू’ म्हणून कॉलही, म्हणजे तेवढी भर घालून खेळात राहणंही, खूप होतं. मला या एकाच निर्णयाचा नीट छडा लावायचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हापासून माझा सराव घरीच चालतो. मी आणि माझा दीर, नुसत्या चिप्स घेऊन, पैसे न लावता. पत्ते वाटायचे, एकाने लिंप करायचं, दुसऱ्याने रेझ, आणि तिथेच थांबून वाद घालायचा.

पहिली गोष्ट पक्की झाली ती टाकलेल्या २०० ची. ते आता माझे नाहीत, पॉटचे, म्हणजे मधल्या ढिगाचे आहेत. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच, की आणखी अमुक रुपये टाकून पुढचे पत्ते बघण्यात फायदा आहे का. हे ऐकायला सोपं आहे, पण टेबलावर दर वेळी मनाला नव्याने सांगावं लागतं.

कसिनोतला एक हात सांगते. एकाने लिंप केलं, त्याच्यामागे मीही केलं. माझ्याकडे छक्क्यांची जोडी होती. डीलर बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवर, बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी १,२०० केले. ब्लाइंड टाकलेले दोघेही फोल्ड, म्हणजे पत्ते सोडून बाहेर; पहिला लिंपरही फोल्ड. पत्ते वाटणाऱ्याने माझ्याकडे हात केला.

पॉटमध्ये १,९०० होते आणि मला १,००० द्यायचे होते. म्हणजे १,००० टाकून एकूण २,९०० साठी खेळायचं, तर निदान साडेचौतीस टक्के वेळा जिंकायला हवं. हा हिशेब सगळेच करतात आणि इथेच फसगत होते. साडेचौतीस टक्के हा आकडा पाचही पत्ते फुकट बघायला मिळाले तर खरा. प्रत्यक्षात फ्लॉपवर राणी-नव्वी-तिर्री आली आणि त्यांनी बेट केली की माझे छक्के संपले. तिकीट पुण्यापर्यंतचं काढायचं आणि लोणावळ्याला उतरायचं, असा तो व्यवहार.

म्हणून छोट्या जोडीचा हिशेब वेगळा करावा लागतो. फ्लॉपवर तिसरा छक्का, म्हणजे सेट किंवा त्याहून मोठं काही मिळण्याची शक्यता साधारण ११.८ टक्के. सेट एकदा लागतो, तेव्हा साडेसात वेळा लागलेला नसतो. त्या साडेसात वेळांचे ७,५०० रुपये एका यशस्वी हातात परत यायला हवेत. पॉटमधले १,९०० धरले तरी आणखी ५,६०० लागतात, तेही सरासरीने.

आता समोरच्यांचा स्टॅक बघितला. रेझ केल्यावर त्यांच्यापुढे ७,००० उरले होते. कागदावर जमतं: १,९०० अधिक ७,००० म्हणजे ८,९००. पण त्यासाठी सेट लागला की दर वेळी त्यांनी शेवटचा रुपयासुद्धा द्यायला हवा. हातात एक्का-राजा असेल आणि फ्लॉप कोरा गेला, तर ते फार तर एक बेट करून सोडून देतील. कधी माझा सेट लागूनही त्यांचा मोठा सेट किंवा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागेल. शिवाय प्रत्येक पॉटमधून कसिनोचा रेक, म्हणजे त्याचा वाटा, जातो. म्हणूनच जाणते खेळाडू सांगतात, की सेटसाठी कॉल करायचा तर द्यायच्या रकमेच्या पंधरा ते वीस पट पैसे समोर शिल्लक हवेत. इथे होते सात पट. मी फोल्ड केलं.

त्याच रात्री पुढे पंज्यांची जोडी आली. रेझ १,००० चा, माझ्याआधी दोघांनी कॉल केलेला आणि रेझ करणाऱ्यापुढे ४०,००० च्या आसपास. मला ८०० घालायचे होते. माझ्याकडेही तेवढेच होते, हे महत्त्वाचं, कारण जिंकता येते ती दोघांतल्या लहान स्टॅकएवढीच रक्कम. मी लगेच कॉल केला. फ्लॉपवर काही लागलं नाही आणि मी सोडलं. तो कॉल तरीही बरोबरच होता.

स्टॅकइतकंच महत्त्व रेझ कोण करतंय याला. दोन लिंपर असताना या ब्लाइंडला १,००० ते १,२०० हा नेहमीचाच आकडा, त्यातून फारसं कळत नाही. पण ते वयस्कर गृहस्थ बराच वेळ गप्प बसून होते आणि त्यांनी दाखवलेले हात होते राण्यांची जोडी आणि एक्का-राजा. त्याच टेबलावर एक तरुण मुलगा लिंपर दिसला रे दिसला की रेझ करत होता. त्याचा १,२०० आणि त्यांचा १,२०० एक नाही.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते एक्का-दहा वेगळ्या रंगांचे असतील तेव्हा. दीर म्हणतो, “वहिनी, एक्का आहे की हातात, कॉल कर!” मी त्याच्यासमोर कागद घेऊन बसले. रेझ करणारा घट्ट, म्हणजे निवडक चांगलेच हात खेळणारा असेल, तर त्याच्याकडे दश्श्यांपासून एक्क्यांपर्यंतची जोडी किंवा एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम असं धरू. माझ्याकडे एक एक्का आणि एक दश्शी असल्यामुळे एक्क्यांच्या जोड्या तीनच उरतात, दश्श्यांच्याही तीन. राजे, राण्या, गुलाम यांच्या सहा-सहा. एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम यांच्या बारा-बारा. एकूण ६० जुळण्या, आणि त्या साठांतली एकही माझ्या मागे नाही. त्यातही वाईट हे, की फ्लॉपवर एक्का आला तर मला आनंद होतो आणि नेमके तेव्हाच जास्त पैसे जातात. त्या मुलासमोर मात्र यादीत राजा-राणी, एक्का-नव्वी, एक्का-अठ्ठी, लहान जोड्या असं बरंच काही शिरतं आणि हाच हात कॉल करण्याजोगा होतो.

बसायच्या जागेचं थोडक्यात सांगते. रेझ बटणावरून आला असेल तर पुढच्या तिन्ही फेऱ्यांत मला आधी बोलावं लागतं आणि तो बघून ठरवतो. रेझ ब्लाइंडमधून आला असेल तर उलट. सीमेवरच्या हातांत मी याच मुद्द्यावर निर्णय घेते. माझ्यानंतर लिंप केलेला कुणी अजून बोलायचा असेल तर त्याच्याकडे बघते. एक्क्यांची जोडी घेऊन मुद्दाम लिंप करणारे, आणि मग पुन्हा रेझ करणारे, असतात.

या सगळ्यातून एक सवय लागली. लिंप करायच्या आधीच मी टेबलावरून नजर फिरवते: मागे कोण बोलायचं आहे, कुणापुढे किती चिप्स आहेत, आणि रेझ आला तर मी काय करणार. उत्तर ‘बहुतेक फोल्ड’ असेल आणि मागे तो मुलगा बसला असेल, तर ते २०० टाकतच नाही.

एका हातावर आमचं अजून जमत नाही. एकाच रंगाचे एक्का-पंजी. दीर म्हणतो, एक्क्याचा फ्लश लागला की त्यावर दुसरा फ्लश नाही, म्हणून किंमत परवडली की कॉल. माझं म्हणणं, फ्लॉपवरच पुरा फ्लश १ टक्क्याहूनही कमी वेळा लागतो, चार पत्ते एका रंगाचे साधारण ११ टक्के वेळा येतात, आणि उरलेल्या वेळी हातात असतो तोच अडचणीत आणणारा एक्का. पॉटमध्ये आणखी दोघं असतील आणि मला शेवटी बोलायला मिळणार असेल, तरच मी कॉल करते.