जानेवारीत गुलमर्गला गेलो आणि बर्फच नाही

टूर मॅनेजर म्हणून काश्मीरचे ग्रुप नेतो, पण जानेवारी २०२४ मधला गुलमर्गचा तो दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. चिल्लई कलान चालू होतं, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, आणि टंगमर्गहून घाट चढून वर पोचलो तर सगळीकडे वाळकं गवत. टायरला चेन लावायचीसुद्धा गरज पडली नाही. लोक खास बर्फासाठी आलेले, गाडीत कुणी बोलेचना.

गोंडोलाने, म्हणजे इथल्या केबल कारने, पहिल्या टप्प्यावर कोंगदूरीला गेलो, तिथेही उघडी जमीन. पुढचा टप्पा अफरवटला ३,९०० मीटरच्या वर नेतो, तिथे थोडाफार बर्फ मिळाला, फोटो निघाले, पोरं खूश झाली. मला मात्र खाली स्लेजवाल्यांकडे, म्हणजे पर्यटकांना घसरगाडीत बसवून बर्फावरून ओढणाऱ्यांकडे, बघवत नव्हतं. स्लेज भिंतीला टेकवून फेरनच्या (लांब काश्मिरी झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून बसलेली माणसं. त्यातला एक ओळखीचा, म्हणाला साब, हिवाळ्यातल्या कमाईवर माझं वर्ष निघतं, यंदा घरी काय सांगू.

ग्रुपमध्ये साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार होते, त्यांनी गुलमर्गलाच आर्मीच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स केलेला (हे स्कूल १९४८ ला स्की स्कूल म्हणूनच सुरू झालं). काका म्हणाले, अरे या स्लेजवाल्यालाच सोबत घे ना, गाव दाखवेल, आणि गाईडचे पूर्ण पैसे दे. मग काय, त्या माणसाने दुपारभर आम्हाला फिरवलं, सेंट मेरी चर्च, गोल्फ कोर्स सगळं, आणि काका मधेमधे भर घालत होते. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक याला ही जागा आवडली, जहांगीर इथली फुलं बघायला यायचा, मग इंग्रज उन्हाळ्यात यायला लागले, म्हणजे मूळचं हे उन्हाळ्याचं ठिकाण! स्की क्लब १९२७ चा, पण गोंडोला १९९८ ला आला आणि २००५ ला अफरवटपर्यंत गेला, तेव्हापासून हिवाळ्यातली गर्दी खरी वाढली. म्हणजे आज इतकी घरं ज्या धंद्यावर चालतात तो जेमतेम एका पिढीचा आहे आणि आभाळाने एक महिना दगा दिला की सगळं ठप्प, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं.

जानेवारी संपता संपता बर्फ पडला एकदाचा, बर्फाअभावी पुढे ढकललेले खेलो इंडियाचे हिवाळी खेळांचे सामनेही फेब्रुवारीत झाले. त्या माणसाने व्हिडिओ पाठवला, मी लगेच काकांना फॉरवर्ड केला.

आता बुकिंगच्या वेळीच सांगतो की बर्फाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. आणि बर्फ असो नसो, गुलमर्गला अर्धा दिवस गावात फिरायला ठेवतो, स्थानिक माणूस सोबत घेऊन, त्याचे पैसे टूरच्या खर्चातच धरलेले असतात.