शार्लटची मागची खोली

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी वाचणाऱ्या बहुतेकांचा जीव तिच्या नायकात, डार्सीत अडकतो. माझा अडकलाय शार्लट लुकसमध्ये. नायिका एलिझाबेथची ही जिवाभावाची मैत्रीण. वय २७, रूप बेताचं, हुंडा त्याहून बेताचा. एलिझाबेथनं झिडकारलेला तो शब्दबंबाळ पाद्री कॉलिन्स, तीन दिवसांच्या आत शार्लटचा होतो. एलिझाबेथ हादरते. वाचकही नाक मुरडतात.

पण तो येताना शार्लटला वरच्या खिडकीतून दिसतो आणि ‘सहज’ भेट व्हावी म्हणून ती खाली रस्त्यावर जाते, त्या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. लग्नामागचा तिचा हिशेब जेन ऑस्टिननं सांगितलाय. जिना उतरतानाचं काही सांगितलेलं नाही. मला वाटतं, ती घाबरलेली नसणार, घाईत असणार. तो दुसऱ्या वाटेनं वळला तर?

घरी आनंदीआनंद. बहीण जन्मभर बिनलग्नाची राहील ही भावांची धास्ती संपते, धाकट्या बहिणींना वर्ष-दोन वर्षं आधी समाजात मिरवता येणार असतं. एलिझाबेथच्या वडिलांच्या, बेनेटांच्या पश्चात त्यांचं घर कॉलिन्सला मिळणार, म्हणून आई तर ते आणखी किती वर्षं जगतील याचा अंदाज बांधू लागते! शार्लटला स्वतःला काय वाटतंय, हे त्या गडबडीत कोण विचारणार? स्वयंपाकघरात मिन्स पाय करायला हाताशी लागणारी मुलगी ती. एलिझाबेथची आई ते टोमण्यासारखं बोलूनही दाखवते.

आणि मग हन्सफर्डचं ते कॉलिन्सचं घर. शार्लट बसायला मागची, जरा लहान खोली निवडते. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग उलगडा होतो: खोली छान असती तर कॉलिन्स तिथेच ठिय्या देऊन बसला असता. तो पुढच्या खोलीतून रस्त्यावरच्या गाड्या न्याहाळतो. नाहीतर बागकाम करतो. ते तब्येतीला किती चांगलं, हे शार्लट त्याला आवर्जून सांगते.

या खोलीत तिला रडवायची लोकांना भारी हौस. माझी शार्लट रडत नाही. भावंडांच्या गजबजाटात वाढलेल्या मुलीला पहिल्यांदाच आपलं म्हणावं असं दार मिळालंय. ते लोटून ती कॉलिन्सच्या आश्रयदातीच्या, लेडी कॅथरीनच्या आवाजाची नक्कल करत असेल, अगदी हळू. एलिझाबेथला मनातल्या मनात पत्रं लिहीत असेल, पाठवायची वेगळी. एखाद्या संध्याकाळी पोटात कालवतही असेल, नाही असं नाही.

१८०२च्या डिसेंबरात, २७ वर्षांची व्हायला दोन आठवडे उरले असताना, ऑस्टिननं हॅरिस बिग-विदर या मोठ्या इस्टेटीच्या वारसाला होकार दिला आणि सकाळी उठून तो मोडला. कादंबरीचा पहिला खर्डा त्याआधीचा, पण ती छापून आली १८१३ साली. मधल्या वर्षांत खिडकीतल्या शार्लटकडे तिनं पुन्हा पाहिलंच असणार.

डार्सी एलिझाबेथसाठी घिरट्या घालतोय, ही शंकाही पहिल्यांदा शार्लटलाच येते. मैत्रिणीसाठी ती मनात स्थळं जुळवते. डार्सीचा मामेभाऊ कर्नल फिट्झविल्यम जास्त गोड माणूस. पण चर्चच्या नेमणुका डार्सीच्या हातात आहेत, हेही तिच्या लक्षात असतं. पुढे डार्सीशी ठरल्यावर एलिझाबेथला मिठी मारताना तिचे डोळे खरोखर भरून आले असतील. आणि डार्सीच्या हाताखालचा कुठला पाद्री आता थकत आलाय, हेही तेव्हाच मनात येऊन गेलं असेल.