दर्यावरचा मैल लांब असतो

३१ जुलैला ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपते आणि गोव्यातल्या मालिमच्या जेटीवरून ट्रॉलर पुन्हा बाहेर पडू लागतात. त्यांतल्या कुठल्याही एका ट्रॉलरवर किती मापे एकत्र नांदतात ते बघण्यासारखे असते. हवामान खात्याचा इशारा येतो ताशी किलोमीटरमध्ये. जीपीएसचा पडदा वेग दाखवतो नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल, आणि अंतर सागरी मैलांत. यांत्रिक बोटींना किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा बंद, म्हणजे तो कायदा किलोमीटरवाला. पण देशाची सागरी हद्द १२ सागरी मैल. नकाशावर खोली मीटरमध्ये, आणि जुन्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, तोंडी अजून वाव, हे खोलीचे जुने माप. शेजारच्या महाराष्ट्रात तर ट्रॉलरबंदीची रेषाच वावांवर आखलेली.

या गर्दीत सागरी मैल उगाच आडमुठा वाटतो. १८५२ मीटर हा काय आकडा झाला? पण त्याचे मूळ पृथ्वीच्याच अंगावर आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश, दर अंशाचे ६० मिनिट (कोनाचे, घड्याळाचे नव्हे), म्हणजे ५४०० मिनिट. हेच अंतर मीटर ठरवणाऱ्यांनी एक कोटी मीटर धरले होते. भागाकार करा, एका मिनिटाला १८५१.८५ मीटर येतात; तोच सागरी मैल. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत तो सरळ १८५२ केला. (पोर्तुगालने दशमान पद्धत स्वीकारली ते सालही १८५२. निव्वळ योगायोग, पण गोव्यात तरी आकडा पाठ व्हायला बरा.) जमिनीवरचा मैल १६०९ मीटरांचा, त्यामुळे दर्यावरचा मैल साधारण १५ टक्के लांब. कोणी नुसते ‘वीस मैल आत’ म्हणाला आणि ऐकणाऱ्याने रस्त्यावरचा मैल धरला, तर फरक पडतो ४.८५ किलोमीटरचा. किनाऱ्यालगतचा तो बंद पट्टा जवळजवळ अख्खा त्यात मावतो.

हा मैल पृथ्वीतून कापलेला असल्याने नकाशावर वेगळी पट्टी लागत नाही. डिव्हायडरची दोन टोके दोन ठिकाणी टेकवायची आणि तसाच तो नकाशाच्या उभ्या कडेवर नेऊन मिनिटे मोजायची. मुंबई साधारण १८ अंश ५५ मिनिटांवर, मुरगाव १५ अंश २५ वर. फरक साडेतीन अंश, म्हणजे २१० मिनिट, म्हणजेच २१० सागरी मैल, ३८९ किलोमीटर. किनारा थोडा पूर्वेकडे झुकतो म्हणून खरा प्रवास याहून जरा जास्त, पण अंदाजाला एवढे पुरे. नवशिके चुकतात ते आडव्या कडेवर. रेखांशाची मिनिटे ध्रुवाकडे आकसत जातात. गोव्याच्या अक्षांशावर त्यांतले एक मिनिट सुमारे १७९० मीटरच भरते. तिथे मोजलेले अंतर नकाशावर खऱ्यापेक्षा मोठे दिसते.

नॉट म्हणजे अक्षरशः गाठ. दोरीच्या टोकाला लाकडाची फळी बांधून जहाजाच्या मागे टाकायची, आणि २८ सेकंदांची वाळूची घटिका रिती होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे. दोन गाठींत १४.४ मीटर, कारण तासाचा जेवढा हिस्सा २८ सेकंद, तेवढाच १८५२ मीटरांचा हिस्सा १४.४. दमट हवेत वाळू सावकाश झिरपली की दोरी जास्त सुटायची आणि जहाज फुकटचे वेगवान ठरायचे. आणि ‘ताशी दहा नॉट’ हे कानाला खटकते. तास त्या शब्दातच आहे. ‘दहा नॉट’ पुरते.

तोंडी हिशेबाला दोन युक्त्या पुरतात. नॉटचे किलोमीटर करायचे तर दुप्पट करून मूळ आकड्याचे १५ टक्के कमी करा: ८ नॉट म्हणजे १६ वजा १.२, १४.८. उलट जायचे तर निम्मे करून त्या निम्म्याचे ८ टक्के वाढवा. खात्याने ‘ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किलोमीटरपर्यंत’ म्हटले, तर निम्मे साडेबावीस, त्यात १.८, झाले २४.३ नॉट, वरचे टोक २९.७, झोत ३५.१. आता हा इशारा होडीच्या वाऱ्याच्या काट्याशी जुळवता येतो, आणि ६५ चा झोत ३४ नॉटच्या पलीकडे जातो हेही दिसते. सतत वारा ३४ नॉटला पोचला की खाते त्याला चक्रीवादळ म्हणते, म्हणून हा आकडा डोक्यात असलेला बरा. किती वेळात पोचू, यासाठी सहा मिनिटांचा नियम: सहा मिनिटे म्हणजे तासाचा दशांश, तेव्हा ८ नॉटने ०.८ सागरी मैल. याला कागद लागत नाही.

गणित चुकून फार नुकसान होत नाही. नुकसान होते ते एककाचे नाव न वाचल्याने. जीपीएस दुरुस्तीहून परत आला की सेटिंगमध्ये मैल कुठला निवडलाय ते बघावे; दोन्ही मैल पडद्यावर सारखेच निष्पाप दिसतात. आणखी एक: जीपीएसचा वेग जमिनीवरून मोजलेला. मांडवीत ओहोटी दोन नॉटने वाहत असेल, तर पाण्यातून ८ नॉटने आत येणारी होडी काठाच्या हिशेबाने सहाच नॉट जाते. इंजिनात बिघाड शोधण्याआधी भरती-ओहोटीचे कोष्टक बघावे.

सगळ्यांत वाईट गफलत खोलीची. इको साउंडर मीटर, फूट आणि वाव तिन्ही दाखवू शकतो. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. वाव मीटर समजून वाचले तर भीती फुकट, होडी सुरक्षित. फूट मीटर समजून वाचले तर आग्वादच्या वाळूच्या दांड्यावर पडद्यावरचे १० म्हणजे प्रत्यक्षात तीनच मीटर पाणी, आणि लाटेच्या खळग्यात त्याहूनही कमी. म्हणून पडद्याच्या कडेला चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत ‘मीटर’ लिहून ठेवावे. जून-जुलैच्या ओलीत ती सुटते. ऑगस्टला जाळ्यांच्या आधी ती नवी लावावी.