ढोलकी थांबलीच नाही

14 जानेवारी, नामविस्तार दिन. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ गेटवर एका मंडपाचं साउंड माझ्याकडं होतं. शेवटचे गायक दादा. नव्वदच्या दशकात त्यांची भीमगीतांची कॅसेट निघाली आणि त्यातलं एक गाणं घराघरांत गेलं. जयंतीच्या मिरवणुकीत ते आजही वाजतंच. कंपनीनं एकरकमी पैसे दिले, विषय संपला. गायकाला रॉयल्टीचा हक्क देणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती आली 2012 साली. तोवर कॅसेटच बाजारातून गेली होती. आयोजक दादांना बोलावतात ते त्या एका गाण्यापुरतं. याचा मला फार राग येतो, कारण माणूस अजून लिहितो, चाली बांधतो.

साउंड चेकला बेंजोवाल्यानं कॅसेटचीच पट्टी धरली. दादा म्हणाले, "काळी दोनवर ये, बाळा. तुम्हा पोरायला ती पट्टी पाठ आहे, माझा गळा आता तिथं जात नाही." मग मला, "इको कमी ठेव. शब्द कळले पाहिजेत."

ते उभे राहिले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. दहाला भोंगे बंद, पोलीस कडेलाच उभे. दादांनी नामांतर शहिदांवरचं, त्या नावाच्या लढ्यात जीव गेलेल्यांवरचं, स्वतःचं गाणं धरलं. दुसऱ्याच ओळीला मागून ओरडा, "दादा, ते गाणं!" आयोजकही खुणा करायला लागले.

दादांनी ते गाणं घेतलं. मुखडा लोकांनाच म्हणू दिला, अंतरा स्वतः गायले. शिट्ट्या सुरू झाल्या तसा त्यांनी डावा हात ढोलकीवाल्याकडं नुसता फिरवला: चालू ठेव. केरवा ताल तोच, पट्टी तीच, आणि टाळ्या विरायच्या आत शहिदांचं गाणं पुन्हा सुरू. ओरडायला मधे फटच ठेवली नाही. 1978 ला मारले गेलेले पोचीराम कांबळे. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला स्वतःला पेटवून घेणारे गौतम वाघमारे. नाव आलं की कोरस थांबायचा, नाव दादा एकटे घ्यायचे. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मी बेंजो खाली घेतला, इको पार काढून टाकला. मागचा एक माणूस हलला नाही. गाणं पुरं करूनच दादा उतरले.

सगळं मी मिक्सरवरून पेनड्राइव्हवर घेतलं होतं. द्यायला गेलो तर म्हणाले, "ते एक काढून टाक, सगळ्यांकडं आहे. बाकीचं दे."

वहीत त्यांची अजून पुष्कळ गाणी आहेत. रविवारपासून रेकॉर्डिंगला येणार आहेत. ढोलकीवाला तोच सांगितलाय.