शहर स्वच्छ, मग बाळं का दगावतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. बालआरोग्याच्या कामात असलेल्या माणसाला इंदुरात हा प्रश्न हमखास येतो: देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर आपलं, एवढाली इस्पितळं इथे, तरी मध्य प्रदेशातले बालमृत्यू इतके कसे?

विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गटार, माश्या आणि हगवण असते. पण आता बाळं जातात ती त्याच्या खूप आधी. एसआरएस म्हणजे जन्ममृत्यूंची सरकारी नमुना पाहणी, तिच्या २०२० च्या आकड्यांत मध्य प्रदेशात दर हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालचे मृत्यू ५१ होते. त्यातले ४३ पहिल्या वाढदिवसाच्या आत, आणि ३१ पहिल्या २८ दिवसांत. केरळात पाच वर्षांखालचा आकडा आहे ८. जगातही चित्र फार वेगळं नाही. २०२२ साली गेलेल्या सुमारे ४९ लाख मुलांपैकी २३ लाख महिन्याचीही नव्हती. मलेरियाने मुलं मोठ्या संख्येने जातात ती मुख्यतः आफ्रिकेत, आपल्याकडे तो भाग लहान.

महिन्याच्या आतलं बाळ रस्त्यावर उतरत नाही. त्याच्या जिवावर उठतात त्या गोष्टी म्हणजे वेळेआधीचा जन्म, जन्मताना श्वास न लागणं, जंतुसंसर्ग आणि काही जन्मजात व्यंगं. यातलं काहीच कचऱ्याच्या गाडीने नेता येत नाही.

श्वासाचं आधी सांगते, कारण तिथे हाताशी एकच मिनिट असतं. बहुतेक बाळं आपणहून रडतात, काहींना कोरडं पुसून पाठ चोळली की भागतं. शंभरातल्या तीन ते पाच बाळांना मात्र पिशवी आणि मास्कने हवा द्यावी लागते, मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच पुरते. ऑक्सिजनचं सिलिंडर शोधत बसू नये. चुका ठरलेल्या आहेत. मान फार मागे टाकली किंवा पुढे झुकली की श्वासनलिका मुडपते. मास्क हनुवटीपासून नाकापर्यंत घट्ट बसला नाही की हवा गालांवरून निघून जाते. छाती वर येते का, हे कुणी पाहतच नाही. उलटं धरणं, तळव्यांवर फटके मारणं, नाकाशी कांदा फोडणं यांत ते मिनिट जातं. त्याच्याही आधीची चूक म्हणजे 'कळा वाढवायला' घरी दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. दोन कळांमध्ये गर्भाशय सैल पडतं तेव्हाच वारेतून बाळाला रक्त नीट मिळतं. इंजेक्शनने कळा एकमेकींना चिकटल्या की बाळ पोटातच गुदमरतं.

वेळेआधी आलेल्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाचं पहिलं संकट थंडी. हो, माळव्यात मे महिन्यातसुद्धा. ओलं बाळ, वर पंखा, आणि 'स्वच्छ करायला' लगेच आंघोळ. काखेतलं तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेलं की ते स्वतःला तापवण्यात साखर आणि ऑक्सिजन खर्च करतं. मग दूध ओढायला बळ उरत नाही, साखर आणखी उतरते आणि श्वास थांबू लागतो. कागदावर कारण 'अपुऱ्या दिवसांचं' असं लिहिलं जातं. थर्मामीटर नसेल तर हाताच्या पाठीने पोट आणि तळवे पाहावेत. पोट गरम आणि तळवे गार म्हणजे थंडी सुरू झाली, दोन्ही गार म्हणजे धोका. पहिली आंघोळ निदान २४ तास पुढे ढकला. लहान बाळ लंगोट, टोपी आणि मोज्यांत आईच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवायचं, दिवसातले निदान ८ तास, जमेल तितकं जास्त. आई थकली तर वडील, आजी, कुणीही चालतं. हा गरिबांचा तात्पुरता उपाय आहे असं अजून काही शिकलेल्या घरांनाही वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ही पद्धत जन्मल्याबरोबर सुरू करायला सांगितलंय. चोविसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात मुदतीआधी कळा लागल्या तर आईला डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस, १२ तासांच्या अंतराने, देतात. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर परिपक्व होतात. औषध काही रुपयांचं, पण कळा लागल्यावर लगेच पोचलं तरच त्याचा उपयोग.

संसर्गाचं दार म्हणजे नाळ आणि तोंड. नाळेवर हळद, तेल, तूप, राख, काही नको. ती कोरडी ठेवायची. आणि आता थोडं आपल्या मराठी घरांविषयी. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, जिभेवर मध, चीक पिळून टाकून देणं हे झाबुआच्या आदिवासी पाड्यांइतकंच इंदुरातल्या रामबागेच्या फ्लॅटमध्येही चालतं. सहाण धुतलेली दिसली तरी तिच्यात जंतू असतात. पहिल्या तासात आईचं दूध, सहा महिने तेच, वरून पाणीही नाही. बाळ दूध ओढेनासं झालं, हलवल्याशिवाय हालचाल करेना, ताप आला किंवा अंग गार पडलं, तर सकाळची वाट पाहू नका.

महिन्यानंतर न्यूमोनिया पुढे येतो. तो ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, घड्याळ लागतं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून श्वास मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर थेट दवाखाना. खोकल्याच्या सिरपने यातलं काही बरं होत नाही, आणि २०२५ साली छिंदवाड्यात विषारी सिरपने मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली हे आपण पाहिलंच.

हगवण गेलेली नाही, पण तिचा उपाय स्वस्त आहे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि तहान वाढते. केलेलं पाणी २४ तासांनी फेका. दोन वर्षांखाली प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलीलिटर, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक १४ दिवस, रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की झिंक बंद करतात, तिथेच फायदा कमी होतो. डब्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय ओआरएस नव्हे, जास्त साखर आतड्यात पाणी ओढते.

या सगळ्याखाली कुपोषण असतं. पाच वर्षांखालच्या सुमारे ४५ टक्के मृत्यूंमागे त्याचा हात मानतात, तरी दाखल्यावर न्यूमोनिया किंवा जुलाब येतो. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित. आणि हे बऱ्याचदा आईपासून सुरू होतं: कमी वयात लग्न, रक्त कमी, दोन बाळंतपणांत अंतर नाही.

इंदूरच्या इस्पितळांचा उपयोग किती, हे बाळ पोचतं कसं यावर ठरतं. झाबुआहून इथवर दीडशेएक किलोमीटर. गुंडाळून सीटवर ठेवलेलं बाळ गार पडून येतं, उपाशी आलं तर साखर उतरलेली असते. निघण्यापूर्वी ओढत असेल तर आईचं दूध, नसेल आणि गिळता येत असेल तर पिळून चमच्याने. वाटेत आईच्या छातीवर, टोपी घालून. पुढच्या दवाखान्याला फोन आधी, आणि कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं ते चिठ्ठीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: दिवस ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. कॉलनीतली घरं 'आमचे डॉक्टर आहेत' म्हणून त्या नाकारतात. येऊ द्या तिला, वजन तरी करू द्या.